नाचणगावकर इंग्रजांच्या गावासाठी रडला

आज दुपारी पुलगावात आमच्या शाळेच्या बॅचची भेट होती. मी अर्ध्या ताटावरून उठून आलो.

सुधाकरनं ऐंशीच्या काळातली त्याची कॅसेट लावली. इंग्रज गायक आपल्या हरवलेल्या खेड्यासाठी गळा काढून राह्यला होता. हिरवळ, चर्चची घंटा, दुपारचा चहा. आमचा नाचणगावचा सुधाकर डोळे पुसत म्हणे, "काय दिवस होते बे ते."

मी म्हटलं, "कोणाचे? तुही माय कापूस वेचायच्या आधी वावरात दहीभात शिंपून सीतादहीची पूजा करे, ते आठवते का तुले?"

"ते गावठी जाऊ दे ना."

तेच वावर यानं मागच्या साली प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याले विकलं.

इंग्रज निदान स्वतःच्या गावासाठी रडते. आपण कोणाच्या गावासाठी रडून राह्यलो, सांगा बरं.