भिंतीपलीकडचा सिनेमा

बाल्कनीकाकांनी शेकडो गुप्तहेरपट ऐकले होते. पाहिला एकही नव्हता. नाशिकरोडला त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि थिएटरच्या पडद्याकडची भिंत यांच्यात जेमतेम एक बोळ होता. रविवारच्या मॅटिनीला तिथे जुने इंग्रजी सिनेमे लागत. संवाद बोळातच विरत, झरोक्यातून पार्श्वसंगीत तेवढं पोचे. काका भिंतीला खुर्ची लावून बसत. "आपली सीट बाल्कनीची," म्हणत. गल्लीने तेच नाव ठेवलं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले हे एकटे गृहस्थ त्या संगीतातल्या जॅझवरून अख्खी गोष्ट जुळवत. मी शेजारीच राहायचो, बऱ्याचदा जाऊन बसायचो. बासची जाड तार सावकाश चालू लागली की ते म्हणत, "निघाला बघ आपला माणूस. पाऊस लागलाय, आणि छत्री नाय." सॅक्सोफोन लांबला की, "बाई आली. आता हा फसणार."

"पण खून कोणी केला, काका?"

"त्याचं काय एवढं? शेवटी तो एकटाच घरी जातो, ते ऐक."

थिएटर बंद पडलं आणि काकांचं जेवणावरचं मन उडालं. मी तोवर गंगापूर रोडला राहायला गेलो होतो. एका रविवारी मोबाइलवर तसाच सिनेमा लावून त्यांच्यासमोर धरला. नायकाला बघून ते हिरमुसले. "हा नव्हे रे. आपला याच्याहून उंच होता." मग म्हणाले, "असं कर, तू स्वयंपाकघरात बस. दार लाव, आणि तिथून वाजव."

मी छोटा स्पीकर घेऊन दर रविवारी जाऊ लागलो. ओट्याशेजारी स्टुलावर मी, दारापलीकडे ते. काका पुन्हा नीट जेवू लागले. पुढे मी कंटाळलो. स्वयंपाकघराला मागचं दार होतं. सिनेमा लावून मी सटकायचो, बाजारातली कामं उरकून संपायच्या आत परतायचो.

"कसा होता?" ते विचारत.

"मस्त, काका."

मग पुतण्या त्यांना दिंडोरीला न्यायला आला. गाडीत बसताना ते म्हणाले, "लेका, ट्रम्पेट मध्येच थांबतो ना, तिथं थिएटरात पुढच्या रांगेतलं कोणीतरी खोकायचंच. तुझा कधी आवाज आला नाय." रागाने नाही, सहज आठवलं म्हणून सांगावं, तसं. दिवाळीनंतर ते तिकडेच वारले.

रविवारी घरात कोणी नसलं की मी तो स्पीकर लावतो. ट्रम्पेट थांबतो. मी खोकतो.