जावईबुवांचं कोंबड्यांचं पथ्य

आमच्या हरेश्वरमामांचं काम जूचंद्र गावात कुणालाच एका वाक्यात सांगता येत नाही. हंसामामी "विमानतळाचं काम" एवढंच सांगते आणि ऐकणाऱ्याला हवा तेवढा मोठा साहेब समजू देते.

मामा एका पोल्ट्री कंपनीत आहेत. आपण खातो त्या ब्रॉयलर कोंबडीचे आजी-आजोबा परदेशात जन्मतात आणि एक दिवसाचे असताना विमानाने मुंबईत येतात. इथे ते वाढतात, अंडी देतात, आणि त्यांच्या नातवंडांची बिर्याणी होते. हे पाहुणे उतरवून घ्यायचे, वाडा गावाच्या पुढच्या शेडवर न्यायचे आणि महिनाभर त्यांच्यासोबत विलगीकरणात राहायचं, हे मामांचं काम. पेटी उघडली की ते पिल्लू उचलून त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावतात. पाय कोमट असले तर प्रवास मानवला, गार असले तर शेडमध्ये ऊब वाढवायची. आजवर एकही खेप दुसऱ्या कुणी उघडलेली नाही. त्यांच्या हाताखालच्या लुईसचा या कामावर डोळा आहे. तो पिल्लावर दुरून लाल ठिपका मारून तापमान मोजतो. मामांच्या मते ही पाहुण्यांशी वागायची रीत नव्हे.

शेडवर जायचं तर आधीचा आठवडाभर कोंबड्यांच्या घरी पाऊल टाकायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. रोग चपलांवरूनही आत जातो. मामांनी हा आठवडा ओढून वर्षाचा केला, आणि तोही एकाच घरापुरता. कामणला त्यांच्या सासूबाई गावठी कोंबड्या पाळत. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला मेहुणा हितेश त्यांना "कोंबड्यांची सुईण" म्हणाला आणि ओटीवरची सगळी माणसं पोट धरून हसली. तेव्हापासून मामांना पथ्य लागलं. जूचंद्रहून कामणला मोटारसायकलने जाईपर्यंत डब्यातली भाजीसुद्धा निवत नाही, पण मामांच्या हिशोबात ते गाव परदेशाहून लांब.

यंदा हिवाळ्यात त्या खऱ्या परदेशात बर्ड फ्लू आला. रोग एका कोपऱ्यात, पण आयात थांबली अख्ख्या देशातून. मामांची भरलेली बॅग कपाटावर गेली. ते रोज मला मोबाइलवर तिकडच्या बातम्या वाचायला लावत. कुठल्याशा तळ्यावरची रानबदकं आजारी आहेत हे ऐकून त्यांचा चहा थंड होई.

"माझ्या आईच्या गुडघ्याचं कधी इतकं इचारलं नाय," मामी म्हणाली. "आता इमान नाय, म्हनजे पथ्य नाय. रविवारी हितेशच्या पोराचं बारसं हाय."

"अन बंदी उठली तं?"

"बदकं बरी होऊंदे आधी."

मामीने मलाही साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं.

बारशाला मामा खुर्ची ओढून दाराजवळच बसले, चपला न काढता. कुणीतरी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामांनी सवयीने त्याचे दोन्ही पाय उचलले आणि गालाला लावले.

"कोमट हायत," ते गंभीरपणे म्हणाले. "प्रवास मानवला."

सगळं घर हसलं. हितेश काही बोलणार, तेवढ्यात मामांचा फोन वाजला. कंपनीचे रायनसाहेब होते. दोन्ही सरकारांचं ठरलं होतं: रोग नसलेल्या भागातून माल घ्यायला परवानगी मिळाली होती आणि पिल्लं बुधवारी उतरणार होती.

"हरेश्वर, पक्ष्यांपासून लांब आहात ना?" साहेबांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

मामांनी बाळाकडे पाहिलं. खोटं "हो" म्हणायला एक क्षण पुरला असता.

"नाय साहेब. सासुरवारीला हाय. हितं कोंबऱ्या हायत."

"मग लुईसला पाठवतो. नाइलाज आहे."

मामांनी फोन खाली ठेवला आणि बाळाचे पाय पुन्हा दुपट्यात गुंडाळले.

सासूबाई पान लावता लावता थांबल्या. "कंच्या कोंबऱ्या?"

"तुमच्या."

"त्या कवाच बहिनीला दिल्या. दोन वरसां जाली. जावय येतील म्हनून दिल्या, तं जावयच नाय आले. हंसाला ठावं हाय, पन तुमी तिला इचारलं कवा?"

मामा उठून परसात गेले. मीही गेलो. खुराड्यात कांदे भरलेले होते. कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या कोंबड्या असायच्या तिथे, गोदामाची पत्र्याची भिंत उभी होती. मामांनी खुराड्यात हात घालून कोपऱ्यातला कांदा उचलला, खालची माती पाहिली. कोंबडीचं एकही पीस मिळालं नाही. तिथूनच त्यांनी साहेबांना फोन लावला, आणि साहेबांना पटेना तेव्हा मला खुराड्याचे फोटो पाठवायला लावले.

निघताना हितेशने त्यांच्या हातात लाडवांचा डबा दिला. "सुईणीचा मान," तो म्हणाला. मामांनी डबा घेतला.

बुधवारी पहिली पेटी त्यांनीच उघडली. महिनाभराने, विलगीकरण संपलं त्या सकाळी, शेडच्या फाटकातून बाहेर पडताच त्यांचा फोन वाजला.

"पोरं सुटली ना?" सासूबाई विचारत होत्या. "मंग जेवाला कवा येता?"

कांद्यांचं पथ्य काही मामांना सुचेना.

"रविवारी," ते म्हणाले.