अर्ध्या मिनिटाचा साहेब

"साहेब, इंजिनाले पाणी भराचं हाये. अर्ध्या मिनिटात तं बकरीबी पाणी पेत नाही."

लाडखेडच्या फलाटावर मी हे सांगून राह्यलो होतो, अन् साहेब हातातल्या घड्याळाकडे पाहून राह्यला होता.

"ड्रायव्हर, वाद नको. प्रत्येक स्टेशनावर अर्धा मिनिट. मुंबईला तेवढ्यात अख्खी गाडी रिकामी होऊन भरते."

"मुंबईची लोकल बिजलीवर चालते जी. हे कोळसा खाते अन् पाणी पेते."

"चार्जशीट हवी आहे का?"

पोट नोकरीवर होतं. मी गाडी सोडली.

साठनंतरचा एक उन्हाळा होता तो. हा साहेब मुंबईच्या लोकल लाईनवरून बदलून आलता. काहून पाठवला, देव जाणे. तिथल्यांनी पीडा टाळली असन. आमची यवतमाळची लहान लाईन, गाडी धावे कमी अन् डुले जास्त. तिले हा रॅपिड कराले निघाला! आठ दिवस त्याचा हुकूम मी बाकी ठेसनांवर पाळला, पण लाडखेडले गुपचूप पाणी भरून घेतलं. त्या दिवशी मात्र तो सोता गाडीत बसला होता.

आता पाण्याचं समजून घ्या. बॉयलरात, भट्टीच्या माथ्यावर शिशाचा एक प्लग असते. पाणी कमी पडलं का तो वितळते, अन् वाफ भट्टीत घुसून आग विझवते. बॉयलर वाचते, पण ड्रायव्हर वाचत नाही. प्लग गेला का नोकरी गेलीच समजा.

दारव्ह्याच्या अलीकडे, चढावर टाकी कोरडी झाली. बॉयलरातलं पाणी दाखवणारी काचेची नळी असते, तिच्यात बोटभर उरलं. मी गाडी उभी केली. फायरमन हुसेननं आग दाबली.

साहेब पहिल्या वर्गातून उतरून तणतणत आला. "इथे थांबा नाहीये!"

"इंजिनाले सांगा," मी म्हणलं.

रुळाच्या बाजूलेच बंजाऱ्यायचा तांडा होता. बाया विहिरीवर पाणी शेंदत होत्या. हुसेननं हात जोडून पाणी मागितलं. तांड्याच्या नायकाची बायको जमनीबाई घागर घेऊन पुढं आली.

"गाडीले पाजलं तं ढोरं काय पेतीन? अन् कायले पाजू? परवा माही सून पोटुशी, दोन कोस चालून दारव्ह्याच्या ठेसनात गेली. एक पाय पायरीवर ठेवला, तं गाडी सुटली. फलाटावर बाळंत झाली पोरगी! वाचली नशिबानं."

मी साहेबाकडे पाह्यलं. असा राग आला का फावड्यानं हाणावं. तो रुमालानं मान पुसत होता.

"पाणी देतो," जमनीबाई म्हणे. "पण गाडी रोज आमच्या तांड्यापाशी थांबली पाह्यजे."

"अशक्य! असा कोणी थांबा मागतं का?"

तिनं घागर काखेत मारली अन् चालू लागली.

"साहेब," मी म्हणलं, "आता भट्टीतली आग खाली पाडतो, गाडी इथंच राह्यते. दारव्हा पायी गाठा."

वरून ऊन, मांगं गार्ड अन् सारे पॅसेंजर उतरून तमाशा पाहून राह्यलेले. साहेबानं विचारलं, "किती वेळ थांबायचं?"

"लेकरू-म्हातारं चढेपर्यंत," जमनीबाई मांगं वळून म्हणे.

"ठीक आहे, ठीक आहे!"

मंग विहिरीपासून इंजिनापर्यंत बायायची रांग लागली. पॅसेंजरबी लागले. साहेबाच्या हातात जमनीबाईनंच कळशी देल्ली. घड्याळ खिशात ठेवून त्यानं मुकाट्यानं वाह्यली.

शब्द फिरवला असता तं तांड्यानं तक्रार केली असती, अन् गाडी काहून अडली, हे वरच्यायले सांगा लागलं असतं. म्हणून त्यानं थांबा गुमान मंजूर केला, अन् लाडखेडचं पाणीबी. वर्षाच्या आत बदली करून गेला. थांबे आखूड कराले आलता, एक वाढवून गेला. दुसऱ्याची लाईन सुधाराची असन तं आधी तिचं इंजिन काय पेते, ते पाहा.

त्या थांब्याले फलाट नव्हता का पाटी नव्हती. लोक त्याले 'अर्धा मिनिट' म्हणत. जमनीबाईची सून लेकराले घेऊन पहिल्यांदा तिथं चढली, तवा ते आरामात बसेपर्यंत मी इंजिनातून मान बाहेर काढून पाहत राह्यलो. पाच मिनिटं तं सहज लागली असतीन.