मीठ बरोबर आहे ना?

माझी थोरली बहीण आनंदी समोरच्याच्या तोंडात घास जायच्या आत विचारते, "मीठ बरोबर आहे ना?" बरोबरच असतं. तिच्या हाताला चव आहे हे आमच्या वाघोलीच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे, फक्त तिला पटत नाही.

तिच्या नवऱ्याने, दिगंबररावांनी, मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं, जास्त झालं म्हणून कानाखाली वाजवली, आणि बरोबर झालं त्या दिवशी आदल्या दिवशीचं उकरून काढलं. गृहस्थ बाहेर अगदी सज्जन. कसबा पेठेत लोक अजून त्यांना वाकून नमस्कार करतात. ताईला मी माझ्याकडे आणून दोन वर्षं झाली. "सुटली ना आता? मग विसरायचं," असं सांगणारे नातेवाईक भेटले की माझं डोकं फिरतं.

यंदा माझ्या मैत्रिणीने, स्पृहाने, ताईला शनिवार पेठेतल्या तिच्या घरी गौरीजेवणाचा स्वयंपाक करायला बोलावलं. जमलं तर स्पृहाच्या नव्या पोळीभाजी केंद्रात कायमचं काम आणि स्वतःची कमाई. मी हरखले. पण नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ताई कटाच्या आमटीपुढे चमचा धरून उभी, कपाळावर घाम.

"अपूर्वा, तू सांग ना गं."

मी काय सांगणार, कपाळ? शेवटी तिने डोळे मिटून मीठ घातलं.

आरती झाली, पंगत बसली. स्पृहाचे सासरे गोपाळकृष्णकाका भुरका मारून म्हणाले, "आमटीला मीठ नुसतं दाखवलेलं दिसतंय. माझ्या बीपीची बातमी स्वयंपाकघरात पोचली वाटतं." सगळे हसले. काकांनी पानातलं मीठ कालवलं आणि पुन्हा आमटी मागितली.

ताई भिंतीला चिकटली होती, दोन्ही हात डोक्यावर धरून. हसणं थांबलं. काकांचा हात पानातच राहिला. मला एवढा संताप आला, पण काढणार कुणावर? ज्याच्यावर काढायचा तो आपल्या घरी जेवत असेल.

दुसऱ्या दिवशी स्पृहाचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"आनंदीताई, काका अजून तुमच्या पुरणपोळीचं कौतुक करतायत. सोमवारपासून येताय ना केंद्रात?"

ताईचा चेहरा उजळला. मी तर मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटले.

"येईन की," ताई म्हणाली. "फक्त ह्यांना विचारून सांगते."