बत्तीस पत्त्यांचं झाड

नाव: के. चिंडन. वडिलांचे नाव: अंबू. पद: कुशल साहाय्यक (वृक्षारोहण व परागीकरण). सेवाकाल: चौतीस वर्षे दोन महिने. रजा: अल्प. वर्तणूक: चांगली. उंचीची भीती: नाही. सदर कर्मचाऱ्याच्या हस्ते झालेले संकर: अंदाजे एक लाख दहा हजार फळे. उजवा गुडघा: झिजलेला, परंतु सेवेच्या आड न आलेला. अपत्ये: एक. सदर अपत्याच्या नावापुढे नंतर निळ्या शाईने फुली मारण्यात आली असून त्याबाबत कार्यालयाकडे अधिक माहिती नाही.

निवृत्तीच्या वेळी नारळ संशोधन केंद्रानं चिंडनच्या हाती ठेवलेला कागद तो एवढाच. कासरगोडच्या दक्षिणेला, हमरस्त्याला लागून असलेल्या आपल्या घरी त्यानं तो पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला.

चौतीस वर्षं त्यानं केलं ते असं. ठेंगण्या नारिंगी नारळावर चढायचं, उमललेल्या पोयीतली, म्हणजे फुलोऱ्यातली, सगळी नर फुलं कात्रीनं छाटायची आणि पोयीवर छोटी खिडकी असलेली कापडी पिशवी बांधायची. आतल्या सुपारीएवढ्या मादी फुलांच्या टोकावर मधाचा थेंब दिसू लागला, की कुठल्यातरी उंच झाडाचे परागकण पावडरीत मिसळून त्यांच्यावर उडवायचे. खाली उतरून वहीत आईचा क्रमांक आणि बापाचा क्रमांक लिहायचा, मग वर्षभर वाट पाहायची. जिल्ह्यातल्या कुठल्याही मध्यस्थानं जमवली नसतील एवढी लग्नं आपण लावली, असं तो म्हणे. "आणि एकाही पक्षाची तक्रार नाही."

केंद्रात शेतकऱ्यांची शिबिरं होत. शास्त्रज्ञ पडद्यावर चित्रं दाखवू लागले, की शेतकरी डुलक्या काढत. मग चिंडनला उभं करत. तो खिशातून अठ्ठावीसच्या डावाचे पत्ते काढी. हा डाव तिकडं पोराटोरांनाही येतो, आणि त्याला पत्ते लागतात बत्तीस. नारळाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रंही बत्तीसच असतात. या योगायोगाचा फायदा चिंडनएवढा कुणी घेतला नसेल.

"सोळा लाल आईचे, सोळा काळे बापाचे," तो मांडत जाई. "लालाशेजारी काळा, अशा सोळा जोड्या. परागकण बनायच्या वेळी या जोड्या अंगाला अंग लावून बसतात. बसल्या बसल्या कोपरे फाडून एकमेकांना देतात. म्हणजे लाल पत्ता पुरता लाल राहत नाही, काळा पुरता काळा नाही. मग जोडी फुटते. प्रत्येक जोडीतला एकच पत्ता पुढं जातो. कुठला? ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. सोळा गेले परागात. मादी फुलातही असंच, सोळा. दोघं भेटले की पुन्हा बत्तीस. झाला नारळ."

"म्हणजे माझ्या परसातल्या चांगल्या संकरित झाडाचा नारळ मी पेरला," एखादा शेतकरी हमखास विचारी, "तर तसंच झाड येईल ना?"

"डाव पुन्हा पिसला, की तोच हात येतो का?" चिंडन विचारी. शेतकरी हसत, घरी जात आणि त्या झाडाचा नारळ पेरत.

त्याला एकच मुलगी होती. प्रसीता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, जुलैत, भाताच्या चिखलात लावणीला उतरली आणि तिला उंदराचा ताप, म्हणजे लेप्टो, झाला. सहाव्या दिवशी ती गेली. एकोणीस वर्षांची होती. तिकडच्या रीतीप्रमाणं परसाच्या दक्षिण कोपऱ्यात तिला अग्नी दिला. अस्थी वेचून झाल्यावर त्या जागेवर, छाती असेल तिथं, नारळाचं रोप लावतात. चिंडनच्या ओसरीवर तेव्हा एकच रोप होतं. त्यानंच लावलेल्या लग्नातलं, आई नारिंगी ठेंगणी, बाप हिरवा उंच. त्यानं ते लावलं. त्या रोपाचं कुळगोत्र त्याला पाठ होतं. मुलगी सहा दिवसांत का गेली ते मात्र त्याला कुणी नीट सांगू शकलं नव्हतं.

झाड पाचव्या वर्षी धरलं. देठ तपकिरी, फळ मध्यम, खोबरं जाड. त्याची बायको नारायणी त्यातलं एकही फळ विकायची नाही. सकाळी नारळ फोडताना म्हणायची, "आज पोरीनं दिलाय." मग तारल्यांच्या कालवणात तो वाटला जायचा. चिंडन निमूट जेवायचा. जेवताना बोलू नये, असं त्याच्या बापानं शिकवलं होतं, आणि ते त्याला बरं पडायचं.

मग रस्ता रुंद होणार अशी नोटीस आली. घर, विहीर, दक्षिण कोपरा, सगळं मोजणीच्या आत. त्याबदल्यात टेकडीवर, जांभ्या दगडाच्या उतारावर, छोटीशी जागा.

रस्त्याकडेला पोक्करची चहाची टपरी होती. तिचंही नाव यादीत होतं.

"चिंडेट्टा, क्रेन लावून झाड उचला की," पोक्कर म्हणाला; तिकडं वयानं मोठ्याला 'एट्टा', म्हणजे दादा, म्हणतात. "दुबईत उचलतात. माझ्या मेव्हण्यानं डोळ्यांनी पाहिलंय."

"तुझ्या मेव्हण्यानं दुबईत काय काय पाहिलंय ते सगळ्या गावाला माहीत आहे," चिंडन म्हणाला. "त्या टेकडीवर रिक्षा चढत नाही. क्रेन कुठली?"

"मग एक नारळ पेरा. तेच झाड येईल."

चिंडननं चहाचा पेला खाली ठेवला. चौतीस वर्षं ज्या प्रश्नावर तो शेतकऱ्यांना हसवत आला होता, तो प्रश्न आता त्याच्याच दारात येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो केंद्रात गेला. बीना मॅडमना झाडावर चढायला त्यानंच शिकवलं होतं. आता त्या विभागप्रमुख होत्या आणि चढत नव्हत्या.

"फांदी लावून होत नाही, डोळा भरून होत नाही, हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "ते बाटलीतलं काय झालं? पानाच्या तुकड्यापासून तस्संच्या तस्सं झाड करायचं?"

"चिंडेट्टा, त्यावर मी आल्यापासून काम चाललंय. बाटलीत कोंब येतो, बाटलीतच मरतो. माणसांना घाई, नारळाला नाही." त्यांनी समोरची वही मिटली. "कुठलं झाड?"

"घरचं."

त्यांना माहीत होतं. त्या खिडकीकडं पाहत म्हणाल्या, "स्वतःचेच पराग स्वतःला दिले, तर बाहेरचं तरी काही येणार नाही."

"बाहेरचं येणार नाही. पण आतलंच पुन्हा पिसलं जाईल. एखादा पत्ता दोनदा येईल, एखादा येणारच नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंय."

तरी तो चढला. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी पायात दोरीची कडी अडकवून, उजवा गुडघा मागं ओढत. खाली नारायणी उभी होती.

"वरून पडलात, तर त्याच कोपऱ्यात तुम्हालाही घालावं लागेल, आणि तो कोपरा सरकारनं घेतलाय! मी कुठं जाऊ?"

"बोलू नको, हात हलतो."

"चौतीस वर्षं नाही हलला तो आता हलतोय!"

त्यानं एका पोयीतली नर फुलं छाटली, पोयीवर पिशवी बांधली, फुलं कागदावर वाळवली, पराग चाळून बाटलीत भरले आणि ती बाटली पोक्करच्या फ्रीजमध्ये सरबतांच्या शेजारी ठेवली. "कुणाला चुकून विकू नको," त्यानं बजावलं. "विकलीच, तर गिऱ्हाइकाला शेंडा फुटेल," पोक्कर म्हणाला, पण बाटलीला त्यानं लाल दोरा बांधला. तीन आठवड्यांनी मादी फुलांवर मध आला. पाच दिवस रोज सकाळी चिंडन चढला. पिशवीच्या खिडकीतून त्यानं त्या झाडाचे पराग त्या झाडालाच दिले. सवयीनं चिठ्ठी लिहायला घेतली. आईच्या रकान्यात झाडाचा क्रमांक घालायचा, तर या झाडाला क्रमांक नव्हता. बापाच्या रकान्यात तोच नसलेला क्रमांक. त्यानं दोन्ही रकाने कोरे ठेवून चिठ्ठी बांधली.

नारळ पिकायला बारा महिने लागतात. रस्तेवाल्यांनी सहा सांगितले होते, पण त्यांच्या कंत्राटदाराचं काही बिघडलं आणि चौदा महिने लागले. सरकारच्या दिरंगाईबद्दल कृतज्ञ असलेला त्या पट्ट्यातला चिंडन हा एकच माणूस असावा. नऊ नारळ उतरले.

झाड पाडायला दोन माणसं आली. करवतीनं नऊ मिनिटं लागली. मग यंत्रानं बुंधा मुळासकट उकरला. राखेनं काळी झालेली माती वर आली, आणि नारायणी घरात गेली. मजुरांनी शेंडा चिरून आतला पांढरा गाभा काढला. तो गोड असतो, आणि झाड पडल्याशिवाय मिळत नाही. त्यातल्या एकानं पानावर एक तुकडा घालून चिंडनला दिला. "घ्या, काका. तुमच्याच झाडाचा." माणूस चांगला होता. दूर बंगालचा होता, त्याला काही माहीत नव्हतं. चिंडननं पान घेतलं आणि ते हातात धरून यंत्र जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

टेकडीवरच्या घरी त्यानं नऊ नारळ वाळूत आडवे लावले. तीन उगवले. चार-पाच महिन्यांत पानं फुटली, आणि चिंडनला जे माहीत होतं, ते दिसू लागलं. एकाचा देठ लख्ख नारिंगी, आजीसारखा. दुसऱ्याचा तपकिरी, पण पानं अरुंद आणि विरळ, तशी ना आईची होती ना आजा-आजीची. तिसरं हिरवं, आजोबाच्या रंगाचं, पण किडकिडीत, एका बाजूला झुकलेलं. केंद्रात अशी रोपं त्यानं हजारोंनी उपटून खड्ड्यात टाकली होती. त्याला तिथं छाटणी म्हणत.

जांभ्यात खड्डा खणून माती भरण्याएवढी जागा एकाच झाडापुरती होती.

नारायणी ओसरीवर येऊन बसली. तिन्ही रोपांकडं तिनं आळीपाळीनं पाहिलं.

"यातलं आपलं कोणतं?"

तपकिरी देठाचं, असं सांगून मोकळं होणं सोपं होतं. तिनं ऐकलं असतं. पण चिंडन म्हणाला, "एकही नाही."

"म्हणजे?"

"आपलं ते एकच होतं. पत्ते सगळे तिचेच आहेत, पण हात निराळा आलाय. प्रत्येकाचा निराळा."

नारायणीनं नारिंगी देठावरची वाळू बोटानं पुसली. मग म्हणाली, "प्रसीता झाली, तेव्हा तुमची आई तीन दिवस तिचं तोंड न्याहाळत होती. नाक आमच्याकडचं नाही, कान सुनेकडचे नाहीत, हे कुणाचं आणलं म्हणून. तेव्हा का नाही सांगितलंत हे पत्त्यांचं?"

"तेव्हा आईला कोण सांगणार?"

ती हसली असावी. तिनं हात लांब केला आणि हिरव्या, झुकलेल्या रोपावर ठेवला. "हे."

"नारायणी, हे मी केंद्रात उपटून टाकलं असतं."

"म्हणून तर तुम्हाला विचारलं नाही."

बाकीची दोन पोक्करच्या मेव्हण्याकडं गेली. हिरवं लावलं. रोज दुपारी नारायणी भाताची पेज गार करून त्याच्या बुडाशी ओतायची. महिनाभरानं एकदा ओतता ओतता, मान वर न करता, तिनं विचारलं, "हे तिचं नव्हेच ना?"

"नाही," चिंडन म्हणाला.

तिनं उरलेली पेज ओतली आणि भांडं विसळायला घेतलं.

पुनर्वसित भूखंडांच्या पाहणीसाठी कृषी कार्यालयाचा माणूस आला. त्यानं फॉर्म भरला: वृक्ष, नारळ, एक. वय, सुमारे एक वर्ष. उत्पन्न, नाही. मूळ वृक्षाच्या बदल्यात लागवड, पूर्ण. वृक्षाची हानी, भरून निघालेली.

त्या झाडाखाली कुणीही नाही.