चतुराबाईचा मत्सर आणि कौशीचा जबाब

हे जांबच्या रामराया, दयाघना! माणसाच्या काळजातली आग तूच जाणतोस आणि तूच शांतवतोस. तुझे चरण मस्तकी धरून आष्टीच्या चतुराबाईची कथा आरंभू या.

चतुराबाई ही पुंजारामाची दुसरी कारभारीण. पहिली, नंदाबाई, वारली. तिची नऊ वर्षांची कौशी मागे राहिली. रीतीप्रमाणे मेलेल्या सवतीची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक चतुराबाईच्या गळ्यात आला. पोर तिच्याच कुशीत निजे, पण झोपेत हाक मारी ती नंदाबाईला. चतुराबाईचा जीव तीळतीळ जळे. जितीशी भांडता येते. मेलेलीशी कसे भांडावे? एकोणीसशे सत्तावन्न साली एके सकाळी तिने तो टाक हिसडला, कडी तुटली. टाक ज्वारीच्या कणगीत लोटून तिने गळा पदराने झाकला.

कौशीला तो सापडला. कडी जोडायला ती गुपचूप सोनाराकडे गेली. त्याच आठवड्यात गावातल्या भगवतीदेवी नावाच्या बाईंच्या देवघरातली चांदी चोरीला गेली होती. सोनाराने टाक ठेवून घेतला आणि ठाण्यावर वर्दी दिली.

अजमत जमादार दारात उभा राहिला. "पोरीला ठाण्यावर नेतो. जल्दीच आणून सोडतो."

चतुराबाईच्या मनात पाप डोकावले : नेऊ दे! तिच्या आईचे नाव आज तरी कानी पडणार नाही.

शेजारचे जुगलकिशोर वकील ओट्यावरून उतरले. "जमादारसाब, बाईमाणसाला अन् पंधराच्या आतल्या लेकराला ठाण्यावर बोलावता येत न्हाई. नवा कायदा आहे. राहत्या घरी विचारा, आईसमोर."

"कायदा रोज बदलून राह्यला वकीलसाब, आम्हीच जुने!" म्हणत जमादार घोंगडीवर बसला. "बोल बेटी, टाक कुणाचा?"

"माझ्या आईचा."

"आई तर ही बसली. मंग हिच्या गळ्यात का न्हाई?"

कौशीने त्या झाकल्या गळ्याकडे पाहिले. "मीच काढला. खेळताना कडी तुटली."

"मंग चोरून सोनाराकडं का गेल्तीस?"

पोरीचे डोळे भरले, तरी ती पुन्हा ‘मीच काढला’ एवढेच म्हणाली. आपल्यासाठी हे लेकरू चोर ठरायला निघाले आहे, हे चतुराबाईने स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

"खोटं बोलून राह्यली ती, जमादार! टाक मी तोडला. मेलेल्या सवतीवर जळत होते मी."

जमादार उठला. "बाई, या गुन्ह्याला आमच्याकडं कलम न्हाई."

टाक परत आला. मत्सर संपला म्हणावे, तर तसेही नाही. टाकाला कुंकू लावताना चतुराबाई पुटपुटली, "तू थोरली खरी, बाई, पण लेक खोटं बोलली ती माझ्यासाठी!"

रामराया, या माउलीचे सौभाग्य अखंड ठेव. पुंजारामाची चूल रोज पेटती ठेव. आणि त्या घरातल्या लेकराला मायेची सावली कधी उणी पडू देऊ नकोस.