टेबलाच्या पायाखालचा कागद

अंधशाळेच्या छापखान्यातल्या मास्तरांना ‘टिंब्या’ म्हणणारा जगात एकच माणूस होता, त्यांचा दादा. अक्षरांची बोटाला लागणारी टिंबं करून देणारा प्रोग्राम दादानेच घरी बसून लिहिला होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. पण रोज सकाळी छपाईचं यंत्र आधी चाचणीचा कागद काढी आणि त्यावर टिंबांत असे, ‘टिंब्या, कागद सरळ लाव.’ मास्तर हसत आणि कागद टोपलीत टाकत.

हा प्रोग्राम फक्त त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरच चाले. त्याच्या सिस्टिमला कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं, तेव्हा ऑफिसातली कॉम्प्युटरवाली ताई म्हणाली, “मास्तर, आता याला रोग लागला तर औषध नाही. नेटची वायर काढा. आणि बाहेरचा पेनड्राइव्ह आधी माझ्याकडे तपासायचा.” मास्तरांनी वायर नुसती काढली नाही, कात्रीने कापली. त्यांचं सगळं असंच, एक घाव दोन तुकडे.

दोन वर्षं सुखात गेली. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई धापा टाकत पेनड्राइव्हवर प्रश्नपत्रिका घेऊन आल्या. ताई जेवायला गेलेली. “एवढ्याशाने काय होतंय!” म्हणत मास्तरांनी पेनड्राइव्ह लावला. प्रश्नपत्रिका छापून झाल्या, पण संध्याकाळी एकही फाइल उघडेना. प्रोग्रामची दुसरी प्रत होती की! पण ती डिस्क हाताशी असावी म्हणून मास्तरांनी कायम कॉम्प्युटरलाच जोडून ठेवलेली. तीही गेली.

“तुम्ही तरी काय करणार, मास्तर?” ताई म्हणाली.

“मीच केलं गं. दाराला कुलूप घातलं आणि चोराला हाताला धरून मीच आत आणलं.”

नवा कॉम्प्युटर आला, विकतचा प्रोग्राम आला. पोरांचं काही अडलं नाही. अडलं ते मास्तरांचं. सकाळी यंत्र सुरू केलं की ते उगाच थांबत. चाचणीचा एक तरी कागद त्यांना हवा होता आणि आजवरचे सगळे कागद रद्दीत गेले होते. मग आठवलं, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली त्यांनीच एक दुमडून सरकवला होता.

मास्तरांनी तो खाली बसून काढला, उलगडला आणि डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. टेबलाच्या वजनाने टिंबं चेपून गेली होती. पायाबाहेर राहिलेल्या कडेला तेवढं लागलं, ‘टिंब्या’. पुढे काहीच नाही. मास्तर फरशीवरच लहान पोरासारखे रडले. दादाने हाक मारली होती, आणि पुढे तो काही बोलत नव्हता.